पोस्त बुट्टीच्या नोंदीत तिचं नाव

शालन गेली ही बातमी मला कारखान्याच्या ड्रायव्हरने दिली. मी दवाखान्याच्या खालीच होतो, चहाच्या टपरीवर, तिच्यापासून तीन मजल्यांच्या अंतरावर. ती वर गेली, आणि बातमी तिथून बगरूला, कारखान्यात गेली, आणि बगरूहून फिरून माझ्याकडे आली. झालं असं की दवाखान्याच्या फॉर्मवर ‘कोणाला कळवायचं’ असं एक घर असतं, त्यात तिने माझा नंबर लिहिलाच नव्हता. आमच्या मालकांच्या सुनेचा, राधिका बहूजींचा लिहिला होता. नर्सने तोच लावला. बहूजींनी मला फोन केला, तर माझा फोन जयपुरातल्या आमच्या वैशाली नगरच्या खोलीवर चार्जिंगला. मग माल घेऊन शहरात आलेल्या ड्रायव्हरला त्यांनी माझ्याकडे पिटाळलं. तो बिचारा टपरीसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “हवालदार साहब, ऊपर चलिए.” मी म्हटलं, थांब, चहा संपवू दे. त्याने मान खाली घातली, तेव्हा मला समजलं.

रडू नंतर आलं. आधी आला तो राग. बायको माझी, बेचाळीस वर्षांच्या संसाराची, आणि तिच्या मरणाची खबर आधी कारखान्याला... हे लिहायची खरं तर लाज वाटली पाहिजे. पण मुलगी म्हणाली, “बाबा, आईवर काहीतरी लिहा, पेपरच्या पुरवणीत लोक लिहितात तसं,” तेव्हाच मी तिला सांगितलं की लिहीन तर खरं ते लिहीन. मी सातवी शिकलेला माणूस, सजवून लिहायला मला येत नाही. शालनवर माझा जीव होता. आणि शेवटची पाच-सहा वर्षं मी तिच्यावर जळत होतो. दोन्ही खरं आहे. दुसरं गाळून पहिलंच लिहिलं तर ते भलत्याच कोणाच्या नवऱ्याने लिहिल्यासारखं होईल.

आम्ही सातारा जिल्ह्यातले. मी फौजेत होतो, स्टोअरवर. शेवटची बदली जयपूरची झाली आणि इथूनच पेन्शनवर आलो. गावी भावांच्यात वाटणी झालेली, मुलगी इथल्या शाळेत रमलेली, म्हणून राहिलो ते राहिलोच. बगरूला हाताने ठसे मारून कापड छापायचे कारखाने आहेत, त्यातल्या एकात मला गोदामाचं काम मिळालं. पुढे दोन-तीन वर्षांनी मीच मालकांना, म्हणजे सेठजींना, शब्द टाकून शालनला तिथे पॅकिंगला लावलं. तागे मोजायचे, घडी घालायची, चिठ्ठी बांधायची. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे मला त्याचा फार उपयोग झाला. घरात कशावरून वाजलं की मी म्हणायचो, तुला तिथे आणली कोणी. ती म्हणायची, “तुम्हीच की हवालदार, दुसरं कोण आणणार?” आणि भाजी परतत राहायची. ती मला हवालदारच म्हणायची, लग्नानंतर मला ती फीत लागली तेव्हापासून. आधी कौतुकाने, मग चिडवायला, नंतर नुसती सवय म्हणून.

गोदामातलं माझं काम समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. एक नक्षी छापायला एक ठसा पुरत नाही. एक ठसा बाहेरची रेघ उमटवतो, त्याला तिकडे रेख म्हणतात. दुसरा त्या रेघेच्या आत रंग भरतो, तो दत्ता. काही नक्षींना चार-चार, पाच-पाच ठसे लागतात. सगळे शिसवीचे, हातभर अंतरावरच्या फळ्यांवर रचलेले, तेल पिऊन पिऊन काळे पडलेले. असे हजारो ठसे माझ्या ताब्यात होते, आणि कुठला कुठे आहे ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. माझ्या डोक्यात होतं. सेठजी परदेशी गिऱ्हाइकांना गोदामात घेऊन यायचे, माझ्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, कुठलीही नक्षी सांगा, आमचे हवालदार साहब डोळे मिटून काढून देतील. मी खरंच डोळे मिटायचो. हात पुढे करायचो, ठशाच्या पाठीवर हवा जायला पाडलेली भोकं चाचपायचो आणि ठसा त्यांच्या हातात द्यायचो. गोरे लोक टाळ्या वाजवायचे. छपाईवाले गोपीजी मागून म्हणायचे, “आज फिर जादू हो गया.” गोपीजींची तिसरी पिढी छपाईत, तरी ठशासाठी ते माझ्या दारात यायचे. माणसाला आयुष्यात एक अशी गोष्ट लागते की जी त्याच्याशिवाय होत नाही. माझी ही होती.

मग राधिका बहूजी लग्न होऊन आल्या. शिकलेल्या, शांत, आवाज न चढवता बोलणाऱ्या. वर्षभर त्यांनी नुसतं बघितलं, आणि मग एक दिवस सगळ्यांना अंगणात बसवून सांगितलं की कारखान्यात नवीन सिस्टम बसणार. त्याचं नाव ईआरपी. कच्चं कापड आलं, रंग घेतला, ठसा दिला, छपाई झाली, धुणं झालं, माल भरला, हे सगळं एकाच कॉम्प्युटरच्या पोटात. एकाने तिथे लिहिलं की दुसऱ्या टोकाला बसलेल्याला दिसतं, कोणाला कोणाकडे जाऊन विचारावं लागत नाही. मी मनात म्हटलं, विचारावं लागत नाही म्हणजे मला विचारावं लागत नाही. बाकीच्यांना वाटलं, एक मशीन येतंय. ते कोणाच्या जागेवर येतंय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

त्या कामाला आतलं एक माणूस हवं होतं, ज्याला मालही कळतो आणि अक्षरही चांगलं आहे असं. हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजींनी हात जोडले, म्हणाले माझी वर्षं संपली. मला कोणी विचारलं नाही. बहूजी पॅकिंगमध्ये गेल्या, ताग्यांना बांधलेल्या चिठ्ठ्या उलटून बघितल्या आणि विचारलं, ह्या कोण लिहितं. चिठ्ठ्या शालनच्या होत्या. तिची दहावी झालेली, अक्षर ठसठशीत, आणि हिंदी माझ्यापेक्षा चांगलं, कारण ती बायकांमध्ये बसायची आणि मी ठशांमध्ये. त्या दिवशी घरी परतताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती पण खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, “काय न्हाय. मला कॉम्प्युटरवर बसवणार हाईत.” मी हसलो. साठीला आलेली बाई. मी म्हटलं, तुला टीव्हीचा रिमोट कळत नाही. ती पण हसली, पण तिचं हसू माझ्या हसण्याला जोडलेलं नव्हतं... ते तिचं वेगळंच काही होतं.

शिकवायला सिस्टमवाल्या कंपनीकडून मीनाक्षी मॅडम यायच्या, चाळिशीच्या, तोंडाने फटकळ. त्या सांगायच्या, बटणांची सवय घरी करा. घरी कॉम्प्युटर कुठला. शालनने साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर पट्टीने चौकोन आखले, चौकोनात अक्षरं लिहिली, आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी उभी राहून त्या पुठ्ठ्यावर बोटं मारायची. तोंडाने पुटपुटायची. मी जेवायला बसलो की वाढता वाढता तिची उजव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर हलायची. एकदा मी त्या पुठ्ठ्यावर तापलेला तवा ठेवला. चुकून ठेवला असं म्हणालो. अर्धी अक्षरं करपली. तिने तवा उचलला, पुठ्ठा बघितला आणि म्हणाली, “बरं झालं, ह्याची मधली ओळ वाकडीच झालती,” आणि दुसरं खोकं कापायला घेतलं. तिने एक शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग सुरू झालं खरं काम. रोज दुपारी शालन आणि मीनाक्षी मॅडम माझ्या गोदामात यायच्या. मी एकेक ठसा काढायचा, त्याचं नाव सांगायचं, जोडीचे ठसे कुठले, कोणी कोरले, किती झिजलेत, कुठल्या फळीवर. शालन लिहून घ्यायची, संध्याकाळी सिस्टममध्ये भरायची, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक ठशाच्या पाठीवर पट्ट्या-पट्ट्यांचं लेबल चिकटवायची. असं जवळजवळ आठ महिने. मी बोलतोय आणि माझ्या डोक्यातून एकेक खण रिकामा होतोय, असं मला वाटायचं. बोलून झालेला ठसा माझा राहत नव्हता. थोड्याच दिवसांत गोपीजी माझ्या दारावरून पुढे जायला लागले. शालनची खिडकी अंगणाच्या पलीकडे होती, तिथे जाऊन ते म्हणायचे, “शालनजी, वो अनार वाला कहाँ है?” आणि ती बटण दाबून सांगायची, तिसरी ओळ, वरून दुसरी फळी. मग ते माझ्याकडे यायचे, हातात चिठ्ठी, आणि मी त्या फळीवरून ठसा काढून द्यायचा. ठसा तोच, फळी तीच, देणारा हात पण तोच. फक्त मला विचारायचं काम कोणाला उरलं नव्हतं. खिडकीतून कधीकधी तिचं आणि मीनाक्षी मॅडमचं हसणं ऐकू यायचं. घरी ती तशी हसत नव्हती. घरी मी होतो.

एकदा नवीन लागलेल्या एका कामगाराने दुसऱ्याला माझी ओळख करून दिली... “ये शालनजी के मिस्टर हैं.” मी त्या कामगारापेक्षा जुना, त्याच्या बापापेक्षा जुना. मी हातातला ठसा फळीवर ठेवला. पण तो शब्द माझ्या पोटात राहिला, आणि आता जे सांगणार आहे ते त्या पोटातून आलं.

पोस्त बुट्टी म्हणून एक नक्षी आहे, खसखशीच्या फुलाची. तिचे आमच्याकडे दोन संच होते. जुना संच म्हाताऱ्या कारागिराने कोरलेला. तो गेल्यावर त्याच्या मुलाने नवीन कोरला, नक्षी तीच, पण फूल एका दोऱ्याच्या जाडीइतकं मोठं झालं. डोळ्याला दिसत नाही. जुन्याच्या पाठीला दोन भोकं, नव्याच्या पाठीला तीन, एवढीच खूण, आणि ती फक्त माझ्या बोटांना माहीत. जुन्या रेखेला जुनाच दत्ता लागतो, नव्या रेखेला नवा. उलटसुलट झालं की रंग रेघेच्या बाहेर सांडतो किंवा आत पांढरी फट राहते. त्या दुपारी मॅडम आलेल्या नव्हत्या, शालन एकटीच होती. दोन्ही संच समोर मांडले होते. तिने एक हातात घेतला, दुसरा घेतला, आणि विचारलं, “अवो, हे दोन्ही एकच का?”

मी म्हटलं, एकच.

तिने पुन्हा बघितलं. म्हणाली, “नक्की ना? मग एकाच नंबरात टाकते.” मी म्हटलं, टाक की. बस्स, एवढंच. आवाज वाढवला नाही, नजर चुकवली नाही. त्या वेळी मनात काही आखलेलं पण नव्हतं. एक गोष्ट माझ्याकडे राहू दे, एवढंच वाटलं... एक तरी गोष्ट अशी, की जी तिच्या खिडकीत मिळणार नाही.

तीनेक महिन्यांनी पोस्त बुट्टीचं मोठं काम आलं, परदेशाचं. गोपीजींच्या माणसाने चिठ्ठी आणली. सिस्टमच्या हिशेबी चारही ठसे एकाच नंबराचे, त्यामुळे चिठ्ठीत नुसतं होतं, रेख एक, दत्ता एक. मी फळीपाशी गेलो. डोळे मिटायची गरज नव्हती तरी मिटले. बोटांना तीन भोकं लागली, ती रेख काढली. दोन भोकं लागली, तो दत्ता काढला. आणि दिले. चिठ्ठीत लिहिलेलं सगळं बरोबर दिलं. मला वाटलं होतं की मशीन तोंडावर आपटेल, बहूजी म्हणतील की छे, हे जमायचं नाही, आणि सेठजी परत माझ्या खांद्यावर हात ठेवतील. ह्यात शालन कुठे आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगतो. जळणाऱ्या माणसाला जिच्यावर जळतो तीच दिसत नाही, नुसतं आपलंच दिसतं.

आमच्या छपाईत दत्त्याने मारतात ते फिटकरीचं, म्हणजे तुरटीचं पाणी, ते छापताना फिकं असतं. रेघ एका छपरीत मारतात, भरणं दुसऱ्या छपरीत. कापड भट्टीत उकळलं की मग लाल रंग चढतो, आणि तेव्हाच खोट दिसते. चाळीस तागे भट्टीतून निघाले तेव्हा प्रत्येक फुलाला एका बाजूने पांढरी फट होती, झोपेत डोळा अर्धा उघडा राहावा तशी. गोपीजी ताग्यांपाशी बसून राहिले. नुसते कापडावरून हात फिरवत होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी सेठजींनी आम्हाला आत बोलावलं. बहूजी होत्या, मीनाक्षी मॅडम होत्या, गोपीजी, मी आणि शालन. सेठजींनी विचारलं, दोन वेगळे संच एका नंबरात कसे गेले. मीनाक्षी मॅडम म्हणाल्या, सिस्टम वही बताएगा जो उसमें डालोगे. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण ठशाची माहिती माझ्याकडून जायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी तोंड उघडणार होतो. काय बोललो असतो ते मला आजही माहीत नाही. त्याआधी शालन म्हणाली, “मेरी गलती है सेठजी. मैंने ठीक से पूछा नहीं.”

मी गप्प बसलो.

दोन महिने तिला परत पॅकिंगमध्ये बसवलं. तागे मोज, घडी घाल, चिठ्ठी बांध. मला मिळायला पाहिजे होतं ते सगळं मिळालं, म्हणजे गोपीजी परत माझ्या दारात यायला लागले... आणि मला ते नकोसं झालं. घरी ती ह्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मी वाट बघायचो. आज विचारेल, उद्या विचारेल, जेवताना विचारेल. फक्त एकदा, बसमध्ये, बरेच दिवसांनी, काही संबंध नसताना ती म्हणाली, “तुमची बोटं कधी चुकत न्हाईत, न्हाय का हवालदार?” मी म्हटलं, वय झालं आता. ती म्हणाली, “व्हय, वय झालं.” आणि आम्ही उतरलो. ते वाक्य मी आजवर किती वेळा उलटून बघितलं असेल. तिला माहीत होतं का. मला विचारायची हिंमत झाली नाही, आणि तिने सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी तिला परत खिडकीत बसवलं, कारण तिच्याशिवाय कोणाचं पान हलेना. तिने सगळे ठसे पुन्हा तपासायला काढले. ह्या वेळी मी एकही खोटं सांगितलं नाही, जुने-नवे, तडा गेलेले, सगळं सांगितलं. पण जळणं काही थांबलं नाही. खोटं सांगून थांबलं नव्हतं, खरं सांगूनही थांबलं नाही. पुढे माझे गुडघे गेले, मी घरी बसलो, आणि ती जात राहिली. सकाळी सात वाजता ती डबा भरायची, माझा झाकून ठेवायची, तिचा पिशवीत घालायची. मी गॅलरीतून बघायचो, कारखान्याची गाडी तिला न्यायला यायची. मला कधी गाडी आली नव्हती. आजारी पडली, छातीत पाणी झालं, तरी कारखान्यातल्या पोरांचा फोन सुटला नाही. दवाखान्याच्या खाटेवर नाकात नळी आणि कानाला फोन, “न्हाय बेटा, वो स्क्रीन बंद करो, पीछे जाओ, अब नीचे देखो.” मी शेजारी स्टुलावर मोसंबी सोलत बसलेलो. मी एकदा म्हटलं, माझ्याशी पण बोल जरा. तिने फोन बाजूला धरला आणि म्हणाली, “तुमच्याशी काय बोलायचं राहिलंय?” रागाने नाही म्हणाली. खरंच विचारत होती. मी म्हटलं, काही नाही. बोलायचं तर सगळंच राहिलं होतं, पण नर्स आली.

तेरावं झालं. कारखान्याची माणसं आली, बायका रडल्या, गोपीजी रडले. प्रत्येकाकडे तिची एकेक गोष्ट होती, आणि त्यातली निम्मी मी ऐकलेलीच नव्हती. मी मनात म्हणत होतो, ही माझी बायको आहे, तुम्ही लोक एवढं कुठून आणता. मग गेल्या आठवड्यात राधिका बहूजींचा फोन आला. “काकासा, शालनजी का खाता बंद करना है सिस्टम में. उससे पहले आप एक बार देख लीजिए.” मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतंय. त्या म्हणाल्या, आप आइए तो.

तिच्या खुर्चीवर मला बसवलं. बहूजी शेजारी उभ्या राहून दाखवत होत्या. एका ठशाचं पान उघडलं, नाव, नंबर, फळी, कारागीर. सगळ्यात खाली एक घर होतं, माहिती कोणी दिली. तिथे हिंदीत लिहिलं होतं, हवालदार. दुसरं पान उघडलं, हवालदार. तिसरं, दहावं, मधलंच कुठलं तरी... हवालदार, हवालदार. बहूजी म्हणाल्या की हे घर रिकामं ठेवलं तरी चालतं, मीनाक्षी मॅडमने तसं सांगितलं पण होतं, पण शालनजी ऐकायच्या नाहीत. प्रत्येक पानावर भरायच्या. म्हणायच्या, ज्याचं आहे त्याचं नाव पाहिजे. हजारो पानं. मी तिच्या खिडकीकडे बघून दात खात होतो तेव्हा ती आत बसून दिवसभर माझंच नाव लिहीत होती. पण मी थांबलो नाही. मी म्हटलं, पोस्त बुट्टी काढा.

बहूजींनी एकाच नंबराचं ते जुनं पान काढलं. त्या पानावर खाली लिहिलं होतं, शालन.

मी विचारलं, हे कधी लिहिलं. बहूजींनी अजून एक बटण दाबलं. मला माहीत नव्हतं की त्या सिस्टममध्ये बदललेलं पुसलं जात नाही, कोणी कधी काय बदललं ते खाली ओळीने राहतं. दोन ओळी निघाल्या. पहिली ओळ, मी ‘एकच’ म्हणालो त्या दिवसाची, संध्याकाळची, हवालदार. दुसरी ओळ, शालन. तारीख होती तागे भट्टीतून निघाले त्याच्या दुसऱ्या दिवसाची, सकाळी दहाच्या सुमाराची. सेठजींनी बोलावलं ते जेवणाच्या सुट्टीआधी, म्हणजे दोन-अडीच तासांनी. सेठजींनी पान उघडून बघायच्या आत, कोणी काही विचारायच्या आत, तिने खिडकीत बसून माझं नाव काढलं होतं आणि तिचं घातलं होतं. मग ती आत येऊन उभी राहिली होती. तिला माहीत होतं. त्या सकाळीच माहीत होतं, आणि त्यानंतर ती चार वर्षं माझा डबा झाकून ठेवत होती.

आणि काय सांगू... मला पहिल्यांदा जे वाटलं ते उपकार नव्हे, मला परत तेच वाटलं. हेसुद्धा तिनेच नेलं. सगळा कारखाना तिचा झाला, माणसं तिची झाली, आणि मी केलेली एक गोष्ट, खास माझी, माझ्या बोटांनी केलेली, तीसुद्धा तिने स्वतःच्या नावावर करून घेतली आणि मला रिकाम्या हाताने घरी बसवलं.

मी बहूजींना सगळं सांगितलं. दोन्ही संच एकच म्हणालो होतो, ते सांगितलं, तीन भोकं आणि दोन भोकं सांगितली. बहूजी म्हणाल्या, “काकासा, अब इससे क्या फर्क पड़ता है?” मी म्हटलं, मला पडतो. त्या घरात माझं नाव परत घाला. त्यांनी कळफलक माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, “खुद लिखिए.” मला एकेक अक्षर शोधावं लागलं. ह सापडायला वेळ लागला, काना कुठे आहे ते त्यांनी दाखवलं. एका बोटाने लिहिलं, हवालदार. बहूजींनी सांगितलेलं बटण दाबलं. मग त्यांनी परत ओळी उघडून दाखवल्या. आता तीन होत्या. मी विचारलं, मधली निघेल का. त्या म्हणाल्या, नाही, ती कोणालाच काढता येत नाही.

मग त्यांनी तिचं खातं बंद केलं. मी अजून थोडा वेळ त्या खुर्चीवर बसून राहिलो. वर माझं नाव, खाली माझं नाव, आणि मधे ती.